वाचकांचे प्रश्न : सत्तावीस मिनिटे, एक माणूस आणि त्याचा पाय

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यातून जॉबर म्हणून निवृत्त झालो असून आमच्या भजनी मंडळात गेली अनेक वर्षे पखवाज वाजवतो. पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने ख्रिस व्हिटली या अमेरिकन गायकाचा ‘डर्ट फ्लोअर’ हा अल्बम मला मोबाइलवर पाठवला आणि ‘काका, हा माणूस फार मोठा होता, पण लोकांना कळला नाही’ असे कळवले. मी तो तीन वेळा ऐकला. त्यात ताल धरणारे कोणी नाही, गायकाचा आवाज मध्येच फाटतो, काही स्वर मला सरळ उतरलेले वाटतात, शब्द समजत नाहीत आणि सत्तावीस मिनिटांत सगळे संपून जाते. मला कोणाची चेष्टा करायची नाही. यात ऐकायचे काय असते, एवढेच समजून घ्यायचे आहे.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातील ‘मोबाइलवर’ हा शब्द वाचताच अर्धे उत्तर हाती लागले, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. ‘डर्ट फ्लोअर’मध्ये ताल आहे आणि तो गायकाच्या पायात आहे. गळा, गिटार, कोठे कोठे बॅन्जो आणि जमिनीवर आपटणारे पाऊल याखेरीज या अल्बमवर काहीही नाही, आणि हे चारही एकाच माणसाचे आहेत. पायाचा तो ‘धप्’ आवाज खर्जातला असल्यामुळे मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला तो पेलत नाही. आपण पखवाजवादक आहात, तेव्हा एक प्रयोग घरीच करून पाहावा : मंडळाच्या भजनाचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते त्याच मोबाइलवर ऐकावे. शाईच्या अंगाचे बोल स्वच्छ ऐकू येतील, परंतु कणीक लावलेल्या धुमाचा घुमारा बहुतेक सगळा नाहीसा झालेला असेल आणि ऐकणाऱ्याला वाटेल की या वादकाला डावा हातच नाही. व्हिटलीच्या बाबतीत आपले हेच झाले आहे.

म्हणून चौथ्यांदा ऐकताना बऱ्यापैकी हेडफोन वापरावा आणि पंखा बंद ठेवावा. सोलापूरच्या वैशाखात दुपारी पंखा बंद करण्यास सांगणे म्हणजे वैर धरण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण काकड्याला उठण्याची सवय आपल्याला असेलच, त्यामुळे पहाटेची वेळ सुचवतो. मी स्वतः हा अल्बम प्रथम तुळजापूरला जाणाऱ्या एसटीत, खिडकीच्या काचांच्या खडखडाटात ऐकला होता आणि ‘काहीतरी पुटपुटणारा गृहस्थ’ असे मत बनवून मोकळा झालो होतो. ते मत बदलायला मला दोन वर्षे लागली, त्यामुळे आपल्या तीन वेळांच्या प्रयत्नाबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आता हा माणूस कोण, ते थोडक्यात सांगतो. ख्रिस व्हिटलीचा जन्म 1960 साली टेक्सासमधील ह्यूस्टन येथे झाला. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर तो आईबरोबर राहिला आणि व्हर्मॉन्ट या ईशान्येकडील थंड, डोंगराळ राज्यात गिटार शिकला. तरुणपणी तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गात असे. तेथील एका श्रोत्याने त्याला बेल्जियमचे विमानाचे तिकीट देऊ केले आणि पुढची काही वर्षे तो घेंट या शहरात राहिला. 1990 मध्ये तो न्यूयॉर्कला परतला, निर्माते डॅनियल लानवा यांचे त्याच्याकडे लक्ष गेले आणि 1991 मध्ये कोलंबिया या बड्या कंपनीने त्याचा ‘लिव्हिंग विथ द लॉ’ हा पहिला अल्बम काढला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. सात वर्षांनंतर, 1998 मध्ये, ‘डर्ट फ्लोअर’ निघाला तेव्हा बड्या कंपनीशी असलेले त्याचे नाते संपलेले होते आणि हा अल्बम मेसेंजर नावाच्या छोट्या, स्वतंत्र कंपनीने काढला.

तो कसा मुद्रित झाला, हे कळल्याशिवाय त्याची गोडी कळणे कठीण आहे. व्हर्मॉन्टमधील बेलोज फॉल्स या गावी व्हिटलीच्या वडिलांचे कोठार होते. निर्माता क्रेग स्ट्रीट आणि ध्वनिमुद्रक यांनी तेथे एक रिबन मायक्रोफोन ठेवला, दोन पट्ट्यांचे जुन्या पद्धतीचे टेपयंत्र लावले आणि एका दिवसात नऊ गाणी संपवली. आजकाल गाणे मुद्रित करताना गळा वेगळा, तबला वेगळा, गिटार वेगळी असे तुकड्यातुकड्यांनी काम होते. नंतर एखादा चुकलेला स्वर संगणकावर सरळही करता येतो. येथे ती सोयच नव्हती. गळा आणि गिटार एकाच मायक्रोफोनमध्ये शिरल्यावर त्यांना पुन्हा वेगळे करता येत नाही. एक सुधारायला जावे तर दुसरे बिघडते. आपल्या व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर माग चालू असताना तुटलेला धागा विणकर सांधून घेतो, पण येथे सांधण्याची मुभा नसल्यामुळे जे विणले गेले तेच कापड बाजारात आले. आपल्याकडे जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आपल्या गायकांनी तीन-साडेतीन मिनिटांत आख्खा राग उभा केला, तो याच शिस्तीत. त्यामुळे सत्तावीस मिनिटे हा काळ मला अपुरा वाटत नाही. नऊ गाण्यांपैकी एकाही गाण्यात पाणी घालून लांबी वाढवलेली नाही.

‘डर्ट फ्लोअर’ म्हणजे मातीची जमीन, आपल्या भाषेत भुई. फरशी नाही, गालिचा नाही. अल्बमच्या नावातच त्याचा पोत सांगितलेला आहे. पहिल्या गाण्याच्या नावाचा अर्थ ‘भंगाराच्या आवारातील अंगाई’ असा होतो, आणि आणखी एका गाण्याचे नाव ज्या हत्यारावरून आहे ती बॉलपिन हातोडी आपण आयुष्यभर हाताळली असेल. असे शब्द गाण्याच्या शीर्षकात आणणारा कवी कोणत्या जगातून बोलतो आहे, हे शब्दन् शब्द न कळताही लक्षात येते.

आता उतरलेल्या स्वरांकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तेथे आहे असे मला वाटते. पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला तर कोमल गंधार काळ्या पट्टीवर येतो आणि शुद्ध गंधार तिच्या लगतच्या पांढरीवर. व्हिटलीचे गाणे ज्यातून येते त्या ब्लूज संगीतातील गंधार पुष्कळदा या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहतो. तो कोमलापेक्षा किंचित चढा आणि शुद्धापेक्षा किंचित उतरा असतो, आणि गायक त्या फटीत वरखाली सरकत राहतो. निषादाचेही पुष्कळदा असेच होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी हे संगीत घडवले, आणि त्यांच्या गळ्यातील हा स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसत नव्हता; वाद्यांनाच त्याच्यामागे जावे लागले. तारेवर बोट दाबून ती बाजूला ओढणे, काचेच्या किंवा धातूच्या नळीने तारेवरून घसरत जाणे या युक्त्या त्या फटीतल्या स्वरासाठी फार उपयोगी पडल्या. आपल्याला पेटीच्या अंगाने विचार करण्याची सवय असल्यामुळे हा स्वर बेसूर वाटला, यात आपला दोष नाही. पेटीवर तो वाजतच नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधारही पेटीवर मिळत नाही आणि त्याला आपण उणेपणा म्हणत नाही. फरक एवढाच की दरबारीचा गंधार कोमलाच्या खाली झुकतो आणि ब्लूजचा गंधार कोमलाच्या वर तरंगतो.

गळा फाटण्याविषयीही असेच सांगता येईल. व्हिटली छातीच्या आवाजातून एकदम बारीक, पोकळ आवाजात जातो आणि त्या उडीत सांधा उघडा राहतो. प्रशिक्षित गायक तो सांधा झाकण्यासाठी वर्षे घालवतात. व्हिटली तो झाकत नाही. आपल्या जिल्ह्यात धनगरी ओव्या ऐकलेल्या माणसाला उंच स्वरावर चिरणारा आवाज परका वाटू नये. असे असले तरी प्रत्येक ठिकाणी तो चिरा अर्थपूर्ण आहे, असे मी म्हणणार नाही. दोन-तीन जागी तो नुसती सवय वाटतो.

शब्दांबाबत मात्र आपण सोलापूरकरांनी फार तक्रार करू नये. या गावाचे आराध्यदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि ती गायली जात असताना कन्नड न येणारी कितीतरी माणसे माना डोलावताना मी पाहिली आहेत. पूर्वभागातील मागांवर काम करताना तेलुगू गाणी आपल्या कानांवर रोज पडली असतील. व्हिटलीचे इंग्रजी इंग्रजी जाणणाऱ्यांनाही चटकन उलगडत नाही, कारण तो गोष्ट सांगत नाही. एकामागून एक चित्रे ठेवत जातो आणि त्यांच्यामधले धागे श्रोत्याच्या हवाली करतो. कधी कधी ते धागे त्याच्या हातातूनही सुटलेले असावेत, अशी शंका मला येते. त्याच्या कवितेतील धूसरपणाला खोली म्हणून सरसकट गौरवणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मग हा माणूस लोकांना का कळला नाही? पुतण्याच्या या म्हणण्यात तथ्य आहे, पण सगळा दोष लोकांचा नाही. पहिला अल्बम 1991 च्या जुलैत आला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निर्व्हाना या गटाचा अल्बम आला, ज्याने तरुण अमेरिकन श्रोत्यांची आवड पाहता पाहता दुसरीकडे वळवली. त्यानंतर व्हिटलीने चार वर्षे काहीच काढले नाही, आणि 1995 मध्ये ‘डिन ऑफ एक्स्टसी’ काढला तो विजेच्या गिटारींच्या कर्कश गदारोळाने भरलेला. पहिल्या अल्बममधील धातूच्या गिटारीवर लुब्ध झालेले श्रोते बिचकले, आणि ज्यांना गदारोळ हवा होता त्यांच्याकडे तोवर गदारोळाची रेलचेल झाली होती. दुकानदारालाही हा माणूस ब्लूजच्या फळीवर ठेवावा की रॉकच्या, हे ठरवणे अवघड जाई. ज्याला एका खणात बसवता येत नाही तो मागे पडतो, हा बाजाराचा नियम चादरींच्या व्यापारात आपणही पाहिला असेल. माझ्या मते त्याने केलेल्या उलथापालथींमुळेच ‘डर्ट फ्लोअर’ शक्य झाला. गदारोळ करून झाल्यावर कोठारात एकटे बसून पाय आपटण्यात जो निवांतपणा आहे, तो पहिल्याच अल्बमच्या वेळी त्याला साधला असता असे मला वाटत नाही.

एकट्याने सगळे पेलणे आपल्याकडे नवीन नाही. एका हातात एकतारी, दुसऱ्या हातात चिपळ्या आणि ओठांवर अभंग, असा माणूस पंढरीच्या वाटेवर आपण शेकडो वेळा पाहिला आहे. त्याच्या गाण्यात स्वर, ताल आणि शब्द एकाच श्वासातून येतात. त्याला दम लागला की तिन्ही मंदावतात. ‘डर्ट फ्लोअर’ ऐकताना कान तेथे ठेवून पाहावेत. ओळ चढत जाते तेव्हा पाऊल किंचित पुढे सरकते, ओळ विसावते तेव्हा तेही रेंगाळते. लय घड्याळासारखी चालत नाही, आणि पखवाजवादक म्हणून आपण ते माझ्यापेक्षा लवकर पकडाल. गिटारीच्या खालच्या तारा सतत एकाच स्वरावर गुंजत राहतात आणि त्यांच्यावर चाल फिरते. तुणतुण्यावर कान तयार झालेल्या माणसाला त्यात बिचकण्यासारखे काही नाही.

जाता जाता एक खुलासा करतो. मी वर बॅन्जो म्हटले आहे; आपल्या लग्नाच्या वरातींत वाजणारा बटणांचा ‘बेंजो’ तो हा नव्हे. तो खरे तर बुलबुलतरंगाचा वंशज आहे. अमेरिकन बॅन्जो म्हणजे गोल कड्यावर कातडे मढवून त्यावरून तारा नेलेले वाद्य असते, आणि त्याचा टणत्कार हलगीला तारा लावल्यासारखा असतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि सात रस्त्याजवळील एका क्लासमध्ये दीड वर्षापासून गिटार शिकत आहे. ख्रिस व्हिटलीची गाणी माझ्या साध्या गिटारीवर वाजवण्याचा प्रयत्न केला, पण आमच्या क्लासमध्ये शिकवलेल्या कॉर्ड्स वापरून ती तशी वाजत नाहीत. यासाठी धातूचीच गिटार लागते का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : धातूची गिटार लागत नाही, तारा वेगळ्या लावाव्या लागतात. व्हिटली खुल्या जुळणीत वाजवत असे. म्हणजे कोठेही बोट न ठेवता सगळ्या तारा छेडल्या तरी एक सुसंवादी स्वरसमूह वाजावा, अशा रीतीने तो गिटार लावून घेई. अशा जुळण्या अनेक आहेत आणि त्याने कितीतरी वापरल्या. सुरुवातीला ‘ओपन जी’ घ्यावी : सहावी तार ई वरून डी ला, पाचवी ए वरून जी ला आणि पहिली ई वरून डी ला उतरवावी, उरलेल्या तीन तारांना हात लावू नये. जी हा षड्ज मानला तर जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत प सा प सा ग प असे स्वर मिळतील. तिन्ही तारा सैल करायच्या असल्यामुळे त्या तुटण्याची भीती नाही. आता अंगठ्याने खालचे प आणि सा एकसारखे छेडत ठेवून वरच्या तारांवर दोन बोटांनी चाल वाजवावी, आणि पायाने जमिनीवर ठेका धरावा. पहिल्या आठवड्यात पाय अंगठ्याच्या मागे धावेल. तो स्थिर झाल्याशिवाय गाण्याचा मोह टाळावा.

धातूच्या गिटारीची हकिकत मात्र सांगण्यासारखी आहे. 1920 च्या दशकात नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नसे, आणि विजेवरची गिटार अजून बाजारात यायची होती. लॉस एंजेलिस येथे जॉन डोपेरा या कारागिराने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवले. तारांचे कंपन त्यांच्यावर येऊन स्पीकरच्या पडद्यासारखा आवाज बाहेर फेकला जाई. 1927 मध्ये नॅशनल या कंपनीने ही रेझोनेटर गिटार विक्रीस आणली. गर्दीत गाणाऱ्या ब्लूज गायकांना ती फार सोयीची ठरली, आणि व्हिटलीची ओळखही याच नॅशनल गिटारीशी जोडली गेली. तिचा आवाज भांड्यावर टिचकी मारल्यासारखा चटकन उठतो आणि चटकन विरतो, म्हणून त्याच्या वादनात मोकळ्या जागा इतक्या दिसतात. तुमच्या लाकडी गिटारीचा स्वर अधिक रेंगाळेल, तेव्हा पंजाच्या कडेने तारा ब्रिजजवळ हलकेच दाबून पाहाव्यात. आवाज लगेच आखूड होईल.

तारेवर नळी घसरवण्याचा सराव करायचा असल्यास ती करंगळीत घालावी आणि गिटारीच्या मानेवरील धातूच्या पट्टीच्या (फ्रेटच्या) मागे नव्हे, तिच्या बरोबर वर धरावी. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर न तुटता घसरत जाणे; ती कशी असते हे तुमच्या शिक्षकांनी सांगितले नसेल तर पं. ब्रिजभूषण काब्रा ऐकावेत. त्यांनी गिटार आडवी ठेवून तिच्यावर हिंदुस्थानी राग वाजवले. पं. विश्वमोहन भट्ट यांनी अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर वाजवलेल्या अल्बमला 1994 साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, आणि तोही तुमच्या उपयोगाचा आहे. ब्लूजच्या फटीतला गंधार आणि आपली मींड तेथे शेजारी शेजारी ऐकायला मिळतात.

प्रश्न : ‘डर्ट फ्लोअर’ आवडला. व्हिटलीचे आणखी काय ऐकावे आणि कोणत्या क्रमाने?
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : पहिला ‘लिव्हिंग विथ द लॉ’ आधी ऐकावा. त्यात वाद्ये अधिक आहेत, वातावरण घनदाट आहे आणि चाली लवकर लक्षात राहतात. त्यानंतर 1997 चा ‘टेरा इन्कॉग्निटा’ घ्यावा आणि मगच 1995 च्या गदारोळाकडे जावे; उलट क्रमाने गेल्यास आपण मध्येच परत फिराल. 2000 साली त्याने ‘परफेक्ट डे’मध्ये इतरांची गाणी गायली आहेत, साथीला बिली मार्टिन आणि ख्रिस वुड आहेत. आवडत्या गाण्यांचे तो काय करतो, हे तेथे कळते आणि ऐकणाऱ्याला फारसे कष्टही पडत नाहीत. 2003 चा ‘होटेल व्हास्ट होरायझन’ माझ्या आवडीचा आहे, पण तो संथ आहे. व्हिटली 2005 च्या नोव्हेंबरात फुप्फुसाच्या कर्करोगाने वारला. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

त्याची मुलगी ट्रिक्सी व्हिटली घेंटमध्ये जन्मली आणि तीही गायिका आहे. पुढे तिने डॅनियल लानवा यांच्याच ब्लॅक डब या गटात गाऊन 2010 मध्ये अल्बम केला. तिचा गळा वडिलांपेक्षा दमदार आहे आणि साथीला पुरेशी वाद्ये आहेत, त्यामुळे तो पंखा लावून ऐकला तरी चालेल.